मामाच्या जागेसाठी संगीत खुर्ची

"तिसरी खुर्ची उचल! आरं उचल की! मान्सं तीन हायेत, मंग खुर्च्या दोनच पायजेत ना! एवढी वर्सं लोकांना खेळ दाखवताय अन् तुम्हालाच खेळ ठावं न्हाई व्हय?"

केबलवाले शेठ हातात माईक असूनही त्याच्याशिवायच ओरडत होते आणि पिंपळे गुरवच्या मंगल कार्यालयात जमलेल्या बायका त्या ओरडण्यालाच टाळ्या वाजवत होत्या. स्टेजवरच्या त्या तीन माणसांत एक मी होतो. पँट पोटावर आवळलेली, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली, आणि छातीत असं धडधडत होतं की पहिल्या रांगेतल्या बाईनं मागे वळून पाहिलं. तिला वाटलं असणार, कार्यालयाच्या पाठीमागे कुणीतरी प्रेस मशीन चालू केलंय.

प्रश्न होता मामाच्या जागेचा.

आमच्या भागातल्या केबल चॅनलवर दर शनिवारी बायकांच्या खेळांचा कार्यक्रम लागायचा आणि तो पहिल्या दिवसापासून मामाच चालवायचा. मामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता. लातूरकडून आलेला, आधी रिक्षावर भोंगा बांधून सर्कशीची आणि साड्यांच्या सेलची जाहिरात करत फिरणारा माणूस. आवाज असा, की दापोडीच्या फाटकाशी त्यानं "माता-भगिनींनो" म्हटलं तर रूळ ओलांडणारी म्हैस थांबायची. मी स्वतः पाहिलंय. म्हैस थांबली, मागून येणारी गाडी थांबली, आणि गाडीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, साड्या कुठे मिळतायत?

कार्यक्रम सोसायट्यांमधून, गल्ल्यांमधून, कार्यालयांमधून फिरायचा. लिंबू-चमचा, फुगे फोडणं, उखाणे, आणि शेवटी संगीत खुर्ची. जिंकेल तिला मिक्सर. एकदा आम्ही हिंजवडीत रस्त्याकडेच्या एका सोसायटीत होतो. कंपनीच्या कॅबमधून एक बाई उतरली, आत येऊन सगळे खेळ खेळली, मिक्सर जिंकला, मामाबरोबर फोटो काढला, चहा प्यायली आणि बाहेर गेली. ट्रॅफिकमध्ये अडकलेली कॅब तेवढ्या वेळात एका खांबावरून दुसऱ्या खांबापर्यंत आली होती. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, अजून एखादा खेळ असेल तर खेळून या."

आणि मी? मी म्युझिक. रेशनकार्डावर माझं वेगळं नाव आहे म्हणे, पण कार्यक्रमात सगळे म्हणायचे, "ए म्युझिक, चालू कर." "म्युझिकवाले भाऊ, जरा मोठ्यानं." पडद्यामागे स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसायचं, गाणं लावायचं आणि थांबवायचं. त्याआधी मी चाकणला गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होतो. कंपनीच्या कुटुंब मेळाव्यात मामा खेळ घ्यायला आला आणि त्याचा गाणी लावणारा आलाच नाही. सुपरवायझरनं मला पुढे ढकललं. मी गाणं असं काही थांबवलं, की प्लँट हेडची बायको आणि झाडू मारणारी मावशी एकाच खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मामा म्हणाला, "लेका, तुझं बोट सोन्याचं हाय." त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. घरी बायको जे बोलली ते अजून बोलतेय. मध्ये फक्त श्वास घेते.

आता आतली गोष्ट सांगतो. संगीत खुर्ची हा नशिबाचा खेळ आहे असं जगाला वाटतं. आमच्या कार्यक्रमात नशीब कधी आलंच नाही, त्याला आम्ही दारातच चपला काढायला लावून बाहेर बसवलं होतं. मामा माईक घेऊन बायकांच्या मध्ये उभा असायचा आणि मी पडद्याच्या फटीतून त्याच्या डाव्या कानाकडे बघत असायचो. मामानं कानाची पाळी चोळली की मी बटण दाबायचं. त्या क्षणी खुर्चीसमोर जी असेल ती जिंकली.

कान कुणासाठी चोळायचा हे मामा गप्पा मारता मारता ठरवायचा. कुणाच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. कुणी घरातून भांडून आलेली, पण सगळ्यांत मोठ्यानं हसणारी. एकदा शेवटच्या खुर्चीला सासू आणि सून उरल्या. सून गरीब गाय, मला वाटलं मामा तिलाच देणार. कान चोळला तो सासूसाठी. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "सुनेला घरी जाऊन जगायचंय, म्युझिक." इतका खोल विचार. आणि बायका घरी जाताना म्हणायच्या, नशीब बाई तिचं!

मग मामाचा आवाज गेला. आधी खरखर झाली, मग फाटला, मग चिंचवडच्या डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन केलं आणि सांगितलं, आता माईक विसरा. उरला तो नुसता वारा. मुंगी मुंगीच्या कानात बोलेल तेवढा. मामाला भेटायला गेलो की तो ओठ हलवायचा आणि मी "हो हो" म्हणायचो. काय म्हणाला ते मला कळायचं नाही, आणि कळलं नाही हे त्याला कळायचं.

शेठला नवा माणूस हवा होता. का हवा होता ते देवाला माहीत. केबल बघतंय कोण? घराघरांत माणसं एकेक मोबाईल घेऊन एकेका कोपऱ्यात. आमचा कार्यक्रम मन लावून बघणारे उरले होते दापोडीतले एक सलूनवाले आणि शेठची आई, आणि शेठच्या आईला दिसायचं कमी. म्हणजे आम्ही ज्या गादीसाठी जीव टाकत होतो तिच्यातला कापूस केव्हाच उडून गेला होता. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण बुडत्या होडीतही माणूस बसायला जागा शोधतोच.

त्यात शेठनं अट घातली. "नवा जो कोन यील, त्यो गानी आपल्या फोनवरनं लावंल. येगळं म्युझिक आता परवडत न्हाई." म्हणजे जागा मिळाली तर मी मामा, नाही मिळाली तर मी कुणीच नाही. चाकणला मी चौकशी करून आलो होतो. गेटवरच्या ठेकेदारानं माझ्या केसांकडे बघितलं आणि आदबीनं विचारलं, "काका, पोराला चिकटवायचंय का?" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मला तर पोरगाच नाही.

माझ्यासमोर होते दोघे. एक निगडीचे सूत्रसंचालक. पाण्याचा जार कुठे ठेवलाय हे सांगायच्या आधीसुद्धा चारोळी म्हणणारे. दुसरी हिंजवडीच्या कंपनीतली एचआर मॅडम, सुट्टीच्या दिवशी सोसायट्यांचे कार्यक्रम करायची. आवाज खणखणीत, हसरी, कुणाशीही पटकन जमणारी. तिच्यात खोट काढायला मी दोन रात्री जागलो आणि सापडली नाही, याचा राग वेगळा.

शेठनं आधी आमची परीक्षा घेतली, तिघांनी थोडा थोडा कार्यक्रम करून दाखवायचा. मी माईक हातात घेतला आणि बायका अशा हसल्या की एका आजीची कवळी उडून सूत्रसंचालकांच्या चारोळ्यांच्या वहीवर पडली. हे मी सांगतोय म्हणून सोडून द्या, पण हसल्या, हे खरं. मॅडमच्या वेळीही हसल्या. शेठनं डोकं खाजवलं. "आमी कुनाला वंगाळ सांगनार न्हाई. ज्या खेळावर जलमभर खाल्लं, त्यो खेळच ठरवंल. लावा संगीत खुर्ची!"

"पण गाणं कोण थांबवणार?" सूत्रसंचालकांनी विचारलं. "म्युझिक तर स्वतःच स्पर्धेत."

"मामा थांबवंल. गळा गेलाय त्याचा, बोट न्हाई."

मी त्या क्षणी नाचायचाच राहिलो. कडेला बसलेला मामा उठून पडद्यामागे गेला, माझ्या स्टुलावर बसला, त्यानं माझ्या लॅपटॉपवर हात ठेवला. माझ्या लेखी निकाल लागला होता, फक्त पळायचं बाकी होतं. तिसऱ्या रांगेत माझी बायको ब्लाउजांची शिवण अर्धी टाकून आली होती. मी तिला लांबूनच हात केला, काळजी नको असा. ती बहुधा हसली.

पहिली फेरी. बँजोचं गाणं, तीन माणसं, दोन खुर्च्या. सूत्रसंचालक खुर्च्यांकडे पाठ करून प्रेक्षकांना नमस्कार करत पळत होते. गाणं थांबलं तेव्हा मी बरोबर खुर्चीसमोर. बसलो. मॅडम बसली. सूत्रसंचालकांनी पराभवावर चारोळी म्हटली आणि खाली उतरले. मी फटीकडे बघून हलकेच मान हलवली. बोट अजून सोन्याचं होतं.

दुसरी फेरी. एक खुर्ची, आम्ही दोघं.

मॅडमनं सँडल काढून बाजूला ठेवले. "काका, बेतानं हं. फरशी गुळगुळीत आहे."

"तुम्ही स्वतःला सांभाळा, मॅडम," मी म्हटलं. "माझं सांभाळणारा आत बसलाय."

गाणं सुरू झालं. मी खुर्चीसमोर आलो की पाय जड करायचो, गुडघे वाकवायचो, आणि गाणं चालूच. मॅडम यायची, तिचंही तसंच, आणि गाणं चालूच. पुन्हा मी. पुन्हा ती. बायका आधी हसत होत्या. गावातली एक म्हातारी ओरडली, "आरं पळ की! म्हशीवानी का चालतुयास? दम लागला व्हय?" मी तिला उत्तर देणार होतो, पण उत्तराला लागणारा श्वास मी आधीच वापरून टाकला होता.

गाणं काही थांबेना. फटीतून मामाचा चेहरा दिसायचा, बोट दिसत नव्हतं. तो आमच्याकडेच बघत होता, डोळे न मिटता. मला वाटलं, जुना गडी आहे, रंग भरतोय. ताणतोय. पुढच्या वेळी. बरं, त्याच्या पुढच्या वेळी. बायका एकेक करून गप्प झाल्या. माझ्या बुटांचा आवाज मला ऐकू यायला लागला, मग माझ्या छातीचा. मी खुर्चीसमोरून पुढे सरकलो, खुर्चीच्याच मागे वळलो, आणि तिथे, खुर्चीची पाठ माझ्या पोटाला लागलेली असताना, सगळं शांत झालं.

मॅडम बसली. घाई नाही, धक्का नाही. ऑफिसात सकाळी बसतात तशी.

पुढचं सगळं लांबून घडल्यासारखं आठवतं. शेठनं तिच्या हातात माईक दिला. मला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा दिला, हरलेल्या बाईला देतात तोच. मॅडम म्हणाली, "काका, तुम्ही खूप खेळाडू वृत्तीचे आहात." सूत्रसंचालक म्हणाले, नशीब. म्हातारी म्हणाली, "नशीब असतंय बाबा एकेकाचं." बायकोनं डबा माझ्या हातातून काढून घेतला, झाकण बसतंय का ते बघितलं आणि तीही म्हणाली, "जाऊ द्या. नशीब."

त्या अख्ख्या कार्यालयात नशिबावर ज्याला विश्वास ठेवता येत नव्हता असा मी एकटा होतो. हरलेली प्रत्येक बाई आमच्याकडून दोन घोट नशीब पिऊन घरी गेली आणि झोपली. माझ्यासाठी तेही शिल्लक नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं की आत बसलेल्या माणसानं मला बघितलं, तिला बघितलं, तोललं, आणि ठरवलं. ज्या माणसाच्या कानाकडे बघण्यात माझे केस पांढरे झाले, त्यानं.

मी पडद्यामागे गेलो. मामा वायर गुंडाळत होता. मी एवढा बोललो, एवढा बोललो, की त्याच्या वाटचंही सगळं मीच बोलून टाकलं असेल.

"मामा, तिला काय कमी होतं? नोकरी आहे, गाडी आहे, वय आहे. मी कुठे जाऊ आता? तुम्ही तर बघून देत होता ना, कुणाला गरज आहे ते? मग माझ्यात काय दिसलं नाही तुम्हाला? मी वाईट माणूस आहे? माझं बोलणं आवडत नाही? एकदा सांगा, मी परत विचारणार नाही. पण सांगा, मामा. मी मागे असतानाच का थांबवलंत?"

मामानं वायर खाली ठेवली. बोटानं जवळ बोलावलं. मी वाकलो, कान त्याच्या तोंडाशी नेला, श्वास धरून ठेवला.

"म्या न्हाई थांबवलं," तो म्हणाला. "गाणं संपलं."