तांबड्या खुणेपुढच्या खाचा

कापूरहोळला दूध उतरवून मी टेम्पोची सीट मागं सरकवत होतो, तेवढ्यात भोरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं हाक मारून सांगितलं, "दत्तू, आबा गेले." आबा पुण्याच्या दवाखान्यात होते, त्यांची सकाळची खेपही मीच मारत होतो. तरी उतरताना सीट त्यांच्या तांबड्या खुणेवर नेऊन ठेवायची हाताची सवय सुटली नव्हती...

आंबवडे ते कापूरहोळ हा दुधाचा टेम्पो आम्ही दोघं चालवायचो, सकाळी ते आणि दुपारी मी. आबा ताडमाड, मी जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारा. सुरुवातीला सीटवरून रोज कुरबुर व्हायची. मग आबांनीच गॅरेजवाल्या रहिमभाईंकडून सीटखाली खाचांची पट्टी बसवून घेतली आणि तिच्यावर रंगाच्या दोन खुणा केल्या. मागची तांबडी त्यांची, पुढची पांढरी माझी. कायदाही त्यांचाच. "उतरंल त्यानं दुसऱ्याची बैठक लावून जायाचं. येनाऱ्यानं नुसतं बसायचं." माझा आरसासुद्धा तेच लावून जायचे.

गेल्या दिवाळीपासून मात्र सीट बरोबर पांढऱ्या खुणेवर असायची, पण आरसा लावायचा राहून जायचा आणि त्यात मला नुसतं आभाळ दिसायचं. मी चिडवायचो, "आबा, म्हातारं झालात." ते म्हणायचे, "व्हय रं, इसरतो लई." बस, एवढंच.

आबा गेल्यावर महिन्याभरानं सीटचा खटका अडकला म्हणून टेम्पो रहिमभाईंकडं नेला. त्यांनी सीट उचलली, तर माझ्या पांढऱ्या खुणेच्याही पुढं तीन नव्या खाचा.

"आबांनीच पाडून घेतल्या," रहिमभाई हात पुसत म्हणाले. "पाय लुळा पडत चालला व्हता, क्लच दबंना. दर येळी म्हनायचे, आजून जरा फुडं घ्या. आन् दत्तूला सांगू नगा, न्हाईतर गाडी जाईल हातची."

मला आधी रागच आला, आणि तो अजून गेलेला नाही. भोरच्या बाजाराला निघालेल्या बायका त्या टेम्पोत बसायच्या. उतारावर क्लच दबला नसता आणि गिअर पडला नसता तर? कळलं असतं तर मी मालकाला नक्की सांगितलं असतं आणि आबा घरी बसले असते. हे ते ओळखून होते. मी मात्र रोज इमानानं सीट पार मागं नेऊन ठेवत होतो. पहाटे ते तसला पाय घेऊन ती पुढं ओढत असणार, गुडघे स्टिअरिंगला घासत कापूरहोळ गाठत असणार, आणि उतरताना न चुकता माझी बैठक लावून जात असणार. कायदा इतका पाळला, की मला शेवटपर्यंत काही कळलं नाही. रागावू तरी कुणावर...

मालकानं नवा ड्रायव्हर ठेवलाय. तो माझ्याच उंचीचा आहे, त्याला सीट हलवायची गरज नाही. तरी उतरताना माझा हात खटक्याकडं जातोच. आता मी सीट मागं नेत नाही, सगळ्यात पुढच्या खाचेत लावून ठेवतो.

"एवढं फुडं कोन बसतंय ओ हितं?" तो रोज वैतागून विचारतो.

"आबा," मी सांगतो.