ठकीचा झगा

मडमांच्या मेजवानीला आमच्या राणीसाहेबांनी घातलेला निळा विलायती झगा साऱ्या धारमध्ये गाजला. आईबरोबर गेल्यामुळे मला तो पाहायला मिळाला. तसाच माझ्या लाकडी बाहुलीला, ठकीला हवा, म्हणून तो शिवणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याकडे मी हट्ट धरला. दातांत दोरा धरूनच तो हसला. उरलेल्या रेशमातून त्यानं वीतभर झगा शिवला. आतलं अस्तरसुद्धा सोडलं नाही.

मी तो ठकीला घातला, तेव्हा त्यानं चष्मा पुसला आणि तिला हळूच फिरवून पाठीवरच्या चुण्या निरखल्या.

"राणीसाहेबांच्या मापाला जुनं पोलकंच यायचं, ताईसाहेब. मधे पडदा. झगा म्या शिवला, पण अंगावर कसा पडतो ते आज दिसलं."

आभार मानायला मी तोंड उघडलं, तोवर त्यानंच मला हात जोडले. माझे राहिलेच, ते आज मानते.