शनिवारचा डाव

पौडच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. एकट्या बाईला खोली द्यायला तेव्हा कुणी पटकन तयार होत नसे. बाजाराच्या मागच्या अंगाला एका शेतकऱ्यानं आपल्या घराची पुढची खोली मला दिली. भाताची खाचरं, गोठ्यात दोन म्हशी, असं खाऊनपिऊन बरं असलेलं घर. घरात तो, त्याची आई, बायको आणि दोन मुलं. मोठी मुलगी माझ्याच शाळेत होती. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे.

माझ्या खोलीत भाताच्या कणगीमागे एक कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला होता. वहिनींच्या दिरानं तो घेतला होता, पण पिंपरीच्या कारखान्यात लागल्यावर तो इकडे फारसा फिरकत नसे. एका शनिवारी सकाळची शाळा करून मी आले, तर वहिनी तो बोर्ड पदरानं पुसत बसल्या होत्या.

"बाई, तुमाला येतोय का ह्यो?"

"थोडासा."

"मंग मांडूया की. आत्याबाई भजनाला गेल्यात, दिवेलागणीपातूर येत न्हाईत."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. खेळ दिरानं शिकवला होता म्हणे. पण अशी टिचकी मी पुरुषांचीही पाहिली नव्हती. समोरच्या कडेवर स्ट्रायकर आपटून तो उलटा आणायचा आणि स्वतःच्या पुढ्यातली सोंगटी भोकात घालायची, हे त्या गप्पा मारता मारता करायच्या. मी सपाटून हरले.

दोघींत मजा येईना, म्हणून मी दवाखान्यातल्या सिस्टरला बोलावलं. ती कोकणातली, माझ्यासारखीच एकटी राहणारी, बोलायला तुटक. चौथ्या झाल्या कापडदुकानवाल्यांच्या भाभी. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पौडचं. नमाज, पोरं, दुकान सगळं उरकून त्या धापा टाकत यायच्या आणि येतानाच म्हणायच्या, "आज मी वैनींकडनं." वहिनी आणि भाभी एका बाजूला, मी आणि सिस्टर दुसऱ्या. शनिवारी ऊन उतरलं की बसायचो ते रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "बायांनी ह्ये काय मांडलंय." पण मास्तरीण आणि नर्स बसलेल्या म्हणून त्यापुढे काही बोलायच्या नाहीत. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. वहिनींना तेवढंच काय ते आठवड्यात बसायला मिळायचं.

मग त्यांचे नेम चुकायला लागले. स्ट्रायकर अर्ध्यातच थांबायचा. भाभी चिडवायच्या, "वैनी, जेवला न्हाई वाटतं." वहिनी हसायच्या आणि हात झटकायच्या. म्हणायच्या, "मुंग्या येत्यात. लावणीचं काम लई झालं यंदा."

त्या पावसाळ्यात एका शनिवारी वीज गेली. वहिनींनी कंदील आणून बोर्डाच्या कडेला ठेवला आणि डाव पुढे चालू झाला. त्यांची पाळी होती. नेम धरायला त्यांनी हात टेकवला तो करंगळीच्या बाजूनं कंदिलाच्या काचेला लागला. त्या नेम धरूनच राहिल्या. मला आधी वास आला. काय जळतंय म्हणून मी खाली बघते तोवर सिस्टरनं त्यांचं मनगट धरून हात ओढला होता. कातडी सुटून काचेला चिकटली होती.

"अगं बया," वहिनी हाताकडे बघत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची काही खूणच नव्हती.

सिस्टरनं भाजल्या जागी पट्टी बांधली. मग देवापुढची कापसाची एक कोरी वात मागून घेतली. म्हणाली, "वहिनी, डोळे मिटा. मी वात लावीन तिथे बोट ठेवून दाखवा." अंगठ्याला लावली, वहिनींनी बरोबर जागा दाखवली. तर्जनीचीही दाखवली. करंगळीवरून सिस्टरनं वात पुन्हा पुन्हा फिरवली. वहिनी डोळे मिटून वाट बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "लावा की."

सिस्टरनं त्यांची बाही वर केली. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. वहिनी म्हणाल्या, उन्हाचा हाय, लई दिवसांचा. सिस्टरनं बाही पुन्हा खाली केली. आम्हीच सोंगट्या गोळा केल्या.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. सिस्टरनं वहिनींना माझ्या खोलीत बसवून सांगितलं. महारोग हा शब्द ऐकल्यावर वहिनींनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खाटेवर टेकलेला हात उचलून मांडीवर घेतला. माझी खाट होती ती.

"पोरांना झालं आसंल का?"

"त्यांनाही तपासू. पण हा बरा होणारा आहे, वहिनी. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील. गोळ्या चालू झाल्या की तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. बोटाची जाणीव मात्र परत येईल असं मी म्हणत नाही."

"घरात कळलं तर मला ठेवायचे न्हाईत."

म्हणून घरात सांगितलं नाही. शनिवारी डावाला बसताना सिस्टर गोळ्या आणायची आणि वहिनी आमच्या चहाबरोबर एक घ्यायच्या, बाकीच्या कणगीमागे ठेवायच्या. मुलं तपासली, ती चांगली निघाली. भाभींना मात्र सांगणं भाग होतं, दर शनिवारी त्याच कपांतून चहा चालायचा. ऐकल्यावर त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सिस्टर, माझं तान्हं पोर हाय अंगावर. मला खरं काय ते सांगा." सिस्टरनं सांगितलं. पुढच्या शनिवारी भाभी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वहिनी म्हणायच्या, "त्यांचं बराबर हाय," आणि आम्ही तिघी कसातरी डाव ओढायचो. मग एका शनिवारी भाभी नेहमीसारख्या धापा टाकत आल्या, वहिनींच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मांडा." एवढंच. वहिनींची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तोवर वाकायला लागलं होतं. त्या डाव्या हातानं खेळायला शिकत होत्या. हरत होत्या, पण खेळत होत्या.

मग गावात कळलं, आणि तेही अगदी साध्या रीतीनं. गावोगाव फिरून रोग्यांची चौकशी करणारा एक माणूस सायकलवर आला. चांगलाच माणूस होता. त्यानं पानाच्या टपरीवर वहिनींच्या नवऱ्याचं नाव घेऊन घर कुठलं म्हणून विचारलं. तो कुठल्या कामाचा ते टपरीवाल्याला माहीत होतं. सायकल दारात पोचायच्या आधी बातमी पोचली.

त्याच दिवशी सासूबाईंनी वहिनींचं ताट वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं अंथरूण गोठ्यात गेलं. मुलांना त्यांच्या आत्याकडे पाठवलं. मी शाळेतून आले तर परड्यात धूर होता. कॅरम बोर्ड मधोमध फोडून पाणी तापवायच्या चुलीखाली घातला होता. मी नवऱ्याशी बोलायला गेले. तो ओट्यावर बसला होता.

"आता त्यांच्यापासून काही लागत नाही हो. डॉक्टरांनी सांगितलंय."

तो मान खाली घालून म्हणाला, "मला म्हाईत हाय, बाई. पर पोरीचं लगीन कुटं हुईल?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुमी शाळंत शिकवा. हितं नगं. आन तुमची बी दुसरी खोली बगा."

तो काही दुष्ट नव्हता. बायकोवर त्यानं कधी हात टाकलेला मी पाहिला नाही. पण त्या ओट्यावरून तो उठला नाही, आणि आठवडाभरात त्याचा मेव्हणा बैलगाडी घेऊन वहिनींना न्यायला आला. वहिनी गाडीत बसताना मुलीला हाक मारायला गेल्या आणि मग आठवलं, मुलं इथं नाहीत.

मी भाभींच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेले. वहिनींचं माहेर मालेला. भावानं त्यांना घरात न घेता खाचराच्या बांधावर एक खोपट बांधून दिलं होतं. महिन्यातून एकदा आम्ही तिघी एसटीनं जायचो, सिस्टर गोळ्या घेऊन आणि भाभी डब्यात काहीतरी घेऊन. पहिल्या खेपेला भाभींनी सारवलेल्या जमिनीवर कोळशानं पट आखला आणि चिंचोके फोडून त्यांचे फासे केले. ते दोन्ही हातांच्या ओंजळीतून टाकता यायचे, टिचकी मारायला नको. खडे आणि काचा सोंगट्या म्हणून. त्या दिवशी वहिनी दोनदा जिंकल्या. मग दर खेपेला तोच खेळ. वहिनी मुलांचं विचारायच्या. वहिनी गेल्यावर मुलं घरी परत आली होती; मुलगी माझ्याच शाळेत, म्हणून माझ्याकडे सांगायला असायचं, कितवीत गेली, कविता पाठ म्हटली, केस वाढलेत. माझ्याशी मात्र ती पोर बोलायची नाही. तसं तिला घरून सांगितलेलं असावं. मी वर्गात आले की ती पुस्तकात बघायची.

नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. वहिनींना ते माहीत होतं की नाही हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

गोळ्यांनी रोग थांबला. काही वर्षांनी डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं, तुम्ही आता बऱ्या झालात, औषध बंद. सिस्टरची तेव्हा बदली होऊन गेली होती, तरी ती मुद्दाम आली होती. तिनं वहिनींच्या भावाला बोलावून तेच पुन्हा सांगितलं. तो हो हो म्हणाला. मग बहिणीच्या वाकलेल्या बोटांकडे बघून म्हणाला, "पर बोटं तशीच हायेत की." वहिनी खोपटातच राहिल्या.

मुलीचं लग्न झालं तेव्हा मी पौडलाच होते. वहिनींना कुणी कळवलं नाही. लग्नाला गेलेल्या आमच्यातल्या एकट्या भाभी. आहेराचं कापड त्यांच्याच दुकानातून गेलं होतं, म्हणून त्यांना बोलावणं होतं. पुढच्या खेपेला आम्ही दोघी मालेला गेलो. कसं सांगायचं याचा विचार करत आम्ही सबंध वाट कापली. वहिनींनी पट आखून तयार ठेवला होता. भाभींनी सांगून टाकलं.

वहिनी ओंजळीत चिंचोके घेऊन बसल्या होत्या. 

"शालू कंच्या रंगाचा व्हता?"

"हिरवा. लाल काठाचा," भाभी म्हणाल्या. "मीच निवडून दिला."

"आन रडली का, जाताना?"

"व्हय. लई रडली."

"कुनाच्या गळ्यात पडून?"

भाभींनी माझ्याकडे बघितलं. एसटीत त्यांनी मला सांगितलं होतं, नव्या आईच्या. मग म्हणाल्या, "आजीच्या."

वहिनींनी मान हलवली आणि चिंचोके जमिनीवर टाकले. दान किती पडलं ते आम्ही बघितलंच नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "एसटी हुकंल तुमची. च्या घिऊन निघा."