उत्तरेस : चौकशी बाकी

उद्या तुमचं गाव पाण्याखाली गेलं, तर तुमच्या घराच्या उत्तरेला कोण राहत होतं, हे नाव-आडनावासकट सांगणारं कुणी आहे का? विजयामावशी हा प्रश्न भेटेल त्याला विचारायच्या. पाच आठवड्यांपूर्वी त्या साताऱ्यात वारल्या. मी ड्रेस्डेनच्या ट्राममध्ये होते, त्यांच्या मुलाचा, समीरचा, फोन आला. "आई गेली गं. सकाळी, चहा घेता घेता..." मग जरा थांबून, "आणि तिच्या त्या वह्या... पुढच्या महिनाअखेरीला आम्ही एर्लांगेनला राहायला जातोय. तळघरातलं आमचं केलर रिकामं करून द्यायचंय." मला रडू येण्याआधी भीती वाटली. अजूनही तीच वाटते आहे.

मावशी निवृत्त तलाठी. दर उन्हाळ्यात व्हिसाचे तीन महिने इथे ड्रेस्डेनला समीरकडे काढायच्या. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहून पीएचडी करते. माझे बाबा धरणग्रस्तांची पत्रकं काढायचे. त्या पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. आमच्या घरात तलाठी म्हणजे शत्रुपक्ष, आणि पहिल्याच भेटीत मी मावशींना तसं सुनावलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरंय बाई. पण तुमच्या पत्रकात तरी माणसं कुठे असतात? जनता असते. जनतेला आडनाव नसतं." मला राग आला होता.

एका रविवारी आम्ही डोंगरातल्या एका धरणावर गेलो. भिंतीपाशी पाटी होती : या पाण्याखाली गाव आहे. ओढ्याच्या रेतीत सोनं सापडलं म्हणून माणसं धावत आली, गाव वसलं. सोनं आटलं तरी गाव राहिलं, ते धरण होईपर्यंत. खाली घरमालकांची यादी होती. मी ती मराठीत वाचून दाखवली. मावशींनी विचारलं, "आणि गोठ्यात कोण झोपायचं?" मला तो प्रश्न विचित्र वाटला, पण शेजारच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, म्हणून जर्मनमध्ये विचारला. त्यांनी विणकाम खाली ठेवलं. "आम्ही," त्या म्हणाल्या. त्यांचं नाव फ्राऊ क्राउजं. बेकारीच्या काळात त्यांचे वडील उरल्यासुरल्या सोन्यासाठी तिथे रेती चाळायला आले आणि कुटुंब दुसऱ्याच्या गोठ्याला चिकटून राहिलं. धरणाच्या वेळी घरवाल्यांना फ्लॅट मिळाले. गोठेवाल्यांचं नावही कुठे लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीकडे बघतच बोलल्या. त्यांची पहिली नेमणूक एका बुडणाऱ्या गावात झाली होती. सातबारा समोर ठेवून त्यांनी भरपाईची यादी केली. गावाच्या कडेला अकरा झोपड्या होत्या. सातबाऱ्यावर नव्हत्या, म्हणून यादीतही आल्या नाहीत. "मी नियमानंच वागले गं... त्यातलं एकही नाव मला आज आठवत नाही." मग म्हणाल्या, निदान इथल्या बुडालेल्या गावाची तरी यादी पुरी करू.

त्यानंतर सहा उन्हाळे आम्ही त्या जर्मन गावच्या म्हाताऱ्यांना शोधत हिंडलो. मी दुभाषी, मावशी लेखनिक. प्रत्येक घराची चतुःसीमा : पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस, उत्तरेस. गोठ्यात, माळ्यावर, भट्टीमागे राहणाऱ्यांना स्वतंत्र पान. सगळं तलाठी वळणाच्या घाईच्या मराठीत. मधेमधे त्या ठसक्यात "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणायच्या आणि म्हातारे खूश व्हायचे. माझ्याकडे कधीच पेन नसायचं. "पत्रकं वाटणारी पोर, आणि पर्समध्ये पेन नाही!" हे मी प्रत्येक दौऱ्यात ऐकलं. नऊ वह्या भरल्या.

पण मावशींच्या लेखी काम अर्धंच झालं होतं. "चावडीवाचन राहिलंय," त्या म्हणायच्या. "गावापुढे मोठ्यानं वाचल्याशिवाय नोंद पक्की नाही. ज्याची हरकत आहे त्याला उठून बोलता आलं पाहिजे." यंदाच्या उन्हाळ्यात धरणाजवळच्या एका हॉलमध्ये ते करायचं होतं. वह्या जर्मनमध्ये आणायचं काम माझं. मी म्हटलं, थीसिस झाली की लगेच. ज्या लोकांची नोंद कुणी केली नाही त्यांच्या नावानं मी आयुष्यभर ओरडत आले, आणि त्यांची नोंद हातात आली तेव्हा मी तारीख पुढे ढकलली. मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या.

आता केलर रिकामं व्हायला सतरा दिवस उरलेत. वह्या वर माझ्या खोलीत येतील, पण वाचणारं कुणी नसेल तर तिथेही त्या बंदच राहतील. धरणाजवळच्या छोट्या संग्रहालयात गेले होते. तिथले गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "आम्हाला जे वाचता येत नाही, ते आम्ही सांभाळू शकत नाही." ज्यांनी सांगितलं त्यांना हे अक्षर कळत नाही, ज्यांना अक्षर कळतं त्यांना या वह्या आहेत हेच माहीत नाही. सांगणाऱ्यांपैकी चौघं गेल्या हिवाळ्यात गेली.

काल केलरमध्ये नववी वही उघडली. शेवटचं पान फ्राऊ क्राउजं यांच्या गोठ्याचं. पूर्वेस ओढा. पश्चिमेस बेकरी. दक्षिणेस गाडीरस्ता. उत्तरेस : चौकशी बाकी. मी तिथूनच त्यांना फोन लावला. त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. आठवून आठवून म्हणाल्या, "एक कुटुंब होतं... तीन मुली... एकटीला नाही आठवत. सगळे समोर बसले की आठवेल."

तर सगळ्यांना समोर बसवायचं आहे, आणि लवकर. नऊ वह्या आहेत, मी एकटी आहे. ड्रेस्डेनमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या, मराठी आणि जर्मन दोन्ही येणाऱ्या वाचकांनो, या पुरवणीकडे नाव कळवा आणि एक वही घ्या. ती वाचा, जर्मनमध्ये उतरवा, आणि चावडीवाचनाच्या दिवशी स्वतःच्या तोंडानं त्या लोकांपुढे वाचा. कुणी हरकत घेतली तर थांबा, दुरुस्त करा. उत्तरेची जागा मावशींनी मोकळी सोडली आहे.

येताना पेन आणा. मीही आणणार आहे.