लाल दिव्यावरची टिकली

एरवी सिनेमा डब्यात गेला म्हणजे बुडाला. कामरगावात मात्र लग्नाचे फोटो 'डब्यात गेले' म्हणजे कायमचे वाचले. हा डबा जगदेव फोटोवाल्याचा. एसटी स्टँडच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ, आणि घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर पोळ्यांच्या डब्याएवढं ते काळं यंत्र. घराच्या वायफायला जोडलेलं, पुढे दोन दिवे, पोटात दोन हार्डडिस्क.

त्याचं वर्णन करायची जगदेवला भारी हौस. गिऱ्हाईक घरी आलं की चहाच्या आधी डबा दाखवायचा. "जुळ्या बहिणी हायेत समजा. एकीत जे जाते, तेच दुसरीत जाते. एक मेली तरी दुसरी जित्ती." गिऱ्हाईक मान डोलवायचं. तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायची, सहा सहा महिने पालात राहायची. त्यांना पेनड्राइव्ह द्यावा तर तो हरवायचा, मोबाइल पाण्यात पडायचा. मग ती म्हणायची, "तुह्या डब्यातच राहू दे, भाऊ." जगदेवची छाती फुगायची. माणसाला लोकांनी फार मान देऊ नये, तो खराच वाटायला लागतो.

मार्चमध्ये डबा टूं टूं वाजायला लागला. दुसऱ्या डिस्कचा दिवा हिरव्याचा लाल झाला होता, म्हणजे एक बहीण आजारी पडली होती. पण लग्नसराई तोंडावर होती. जगदेवने मोबाइलवरून आवाज बंद केला. लाल दिवा तरी डोळ्यांत खुपायचाच, म्हणून त्याने बायकोच्या आरशावरची मोठी मखमली टिकली काढून त्यावर चिकटवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. वैजयंतीने पाहिलं आणि हसून म्हणाली, "डब्याले सवाशीण केलं काय?" तोही हसला. लग्नं आटोपली की बघू, असं त्याने ठरवलं आणि पुढे विसरून गेला.

मे महिन्यात तांड्यावर भाऊसिंग आणि रुपाबाईच्या मंजूचं लग्न झालं. जगदेव दोन दिवस तिथेच होता. निघताना मंजूने आईच्या गळ्यात पडून ढावलो गायला. बंजाऱ्यांची नवरी माहेर सोडताना हुंदके देत जे गाणं गाते, ते. जगदेवने ते सगळं टिपलं. रुपाबाईने त्याला सांगितलं, "फोटो आमी नाई निवडत. मंजू दिवाळीले येईन, तिच्याच हातानं निवडू. अन् ते गाणं मले मोबाइलवर दे मंग. उसाच्या फडात आयकीन." तोवर सगळं डब्यात राहणार होतं. दुसऱ्या दिवशी जगदेवने कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, कारण पुढचं लग्न होतं.

दिवाळीच्या तोंडावर डबा गच्च भरला. जगदेवने चौपट मोठ्या दोन नव्या डिस्क मागवल्या. काम सोपं होतं. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी घालायची, उरलेल्या जुनीवरून डबा सगळं नवीवर उतरवून घेतो. मग दुसरी बदलायची. सोबतच्या कागदावर पहिलीच ओळ होती: आधी दोन्ही दिवे हिरवे आहेत ना ते पाहा. जगदेवने पाहिलं. एक हिरवा होता. दुसऱ्या जागी टिकली होती, आणि सहा-सात महिन्यांत त्याची नजर त्या टिकलीला इतकी सरावली होती की तिच्याखाली दिवा आहे हेच तो विसरला होता.

त्याने हिरव्या दिव्याची, म्हणजे धडधाकट डिस्क काढली. तिथे नवी बसवली. डबा घरघरायला लागला, म्हणजे काम सुरू झालं असं त्याने धरलं. काढलेली डिस्क नुसती पडून कशाला ठेवायची म्हणून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणाला, ही डिस्क मला वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? जगदेवने 'हो' दाबलं. जुळी बहीण आहेच की! वर कारंज्याच्या एका लग्नाचं सगळं चित्रीकरण तिच्यावर ओतून तो जेवायला बसला.

जेवून डब्याकडे गेला तेव्हा कळलं, नवी डिस्क कोरीच होती. टिकलीखालची डिस्क मार्चमध्येच गेली होती. डब्यातली सगळी लग्नं, मंजूचं धरून, फक्त त्या एका हिरव्या दिव्याच्या भरवशावर होती आणि ती जगदेवने स्वतःच्या बोटाने पुसली होती. अकोल्याच्या एका दुकानात तो डिस्क घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर काही निघालं असतं, तुम्ही वरून दुसरं भरलं. येताना एसटीत ओळखीचा माणूस दिसला, तर जगदेवने झोपेचं सोंग घेतलं. घरी येऊन त्याने डब्यावर टॉवेल टाकला, पण डबा बंद केला नाही. रोज सकाळी तो मोबाइलवरून डब्यात शोधायचा, मंजू कुठे सापडते का.

चौथ्या दिवशी स्टँडवर भाऊसिंग भेटला. "मंजू शुक्रवारी येते, भाऊ. फोटो निवडाले आणतो तिले."

आदल्याच दुपारी ढग कडकडले होते आणि शिवारातल्या एका पळसावर वीज पडली होती. जगदेवच्या तोंडून निघून गेलं, "दादा, आमच्या घरावर वीज पडली. डबा जळाला."

भाऊसिंगने फोटोचं विचारलंच नाही. त्याने जगदेवचा हात धरला. "लेकरं बरी हायेत ना?"

तिथेच खरं सांगायला हवं होतं. जगदेवने मान हलवली, लेकरं बरी आहेत म्हणून. ते तरी खरं होतं.

मग लोक भेटायला यायला लागले. वीज पडलेल्या घरी रिकाम्या हाताने कोणी येत नाही. कुणी दुधाचा गडवा आणला, कुणी शेंगा आणल्या. ज्यांच्या लग्नांचे फोटो गेले तेसुद्धा म्हणाले, "माणसं वाचली ना, बस्स झालं." प्रत्येक शब्द जगदेवच्या थोबाडीत बसत होता. शिव्या दिल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या. वैजयंती त्या दुपारी घरातच होती. वीज कुठे पडली ते तिला माहीत होतं. ती खाली मान घालून आलेल्यांसाठी चहा गाळत राहिली. आपल्या खोट्यात बायकोला चहा गाळावा लागतो, हे पाहून जगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी रुपाबाई आली. पदरात मीठ आणि लाल मिरच्या बांधून आणल्या होत्या.

"नजर लागली तुह्या डब्याले," ती दारातूनच म्हणाली. "गावोगाव नाव झालतं त्याचं. उतरून टाकतो."

"राहू द्या, वयनी," जगदेव म्हणाला. "आता काय उरलं त्यात?"

"डब्यात नसन, घरात तं हाय." तिने टॉवेल ओढून बाजूला ठेवला, मिठा-मिरच्यांची मूठ डब्यावरून ओवाळायला लागली. ओवाळता ओवाळता तिचा हात थांबला.

"वैजयंतीबाई, हे तुही टिकली हाय ना?"

रुपाबाईने नखाने टिकली उचकटली. खाली लाल दिवा लागलेला होता. शेजारी नव्या डिस्कचा हिरवा.

"विजेनं जळला मनतेत," ती हळूच म्हणाली, "अन् दिवे तं लागून राह्यले."

हातातलं काम अर्धवट सोडायचं नसतं, म्हणून उरलेले फेरे पुरे केले आणि मूठ गॅसवरच्या तापल्या तव्यावर टाकली. खरी नजर लागलेली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, हे वऱ्हाडात पोरासोरांनाही माहीत आहे. क्षणात घर धुराने भरलं. तिघंही खोकून खोकून वाकली. वैजयंतीने खिडकी उघडली. जगदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मिरचीचं थांबल्यावरही थांबेना.

तसंच खोकत त्याने सगळं सांगितलं. टूं टूं वाजणं, टिकली, काढलेली डिस्क, तो 'हो'. "मले लाज वाटली, वयनी. तुमाले तोंड कसं दाखवू, म्हणून वीज पाडली."

रुपाबाईने एकच विचारलं. "मंजूचं गाणंही गेलं?"

"गेलं."

तिने पदराने डोळे पुसले. पाणी मिरचीचं की मंजूचं, ते विचारायची जगदेवची हिंमत नव्हती.

"पाह्यलं ना, ठसका लागला," ती उठत म्हणाली. "नजर लागलीच नोती, जगदेवभाऊ. तू नजर ठेवली नाई."

दारात चप्पल घालताना ती पुन्हा वळली. "उद्या मंजू येते. तिले तूच सांग. बाकीच्यायलेही सांग. वीज पडली म्हणून माहा माणूस दोन दिवस जेवला नाई."

जगदेव हो म्हणाला. टिकली ओट्यावर पडली होती, ती वैजयंतीने उचलून केरात टाकली. डबा तसाच चालू होता, आणि त्या दिवशी त्यावर कुणी टॉवेल टाकला नाही.