अंतराळयानातल्या वन्सं

बावीस वर्षं बसस्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारणाऱ्या बाईंचा उजवा हात मोडला, तो त्यांच्याच खोलीच्या दीड वीत पायरीवरून. पडतानासुद्धा माइक चालूच होता. त्यामुळे फलाट क्रमांक चारवरच्या प्रवाशांनी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" यानंतर एकदम "अगं आई गं" ऐकलं, आणि दोघंजण खरोखरच लक्ष देऊन गाडीत चढले म्हणतात.

सहा आठवडे प्लास्टर. घरी बसून करायचं काय? लेक नोकरीला दुसऱ्या शहरात गेली होती, तिचं गेमचं मशीन टीव्हीखाली धूळ खात पडलं होतं. तिने फोनवर सांगितलं की आई, त्यात एक अंतराळयानाची गोष्ट आहे, कादंबरीसारखी. फक्त पुढे काय व्हायचं ते तू ठरवायचंस. बाईंना ही कल्पना फार आवडली. दुसऱ्यांनी ठरवलेलं वेळापत्रक बावीस वर्षं वाचून झालं होतं.

पण एका हाताने रिमोट चालेना. तेव्हा दुकान सातला बंद करून येणारे त्यांचे यजमान, म्हणजे गल्लीतले टेलर मास्तर, कामाला लागले. काज-बटण करण्यात आयुष्य गेलेला माणूस. "इतकी वर्षं लावली," ते म्हणाले, "आता दाबतो." बाई ठरवणार, मास्तर दाबणार, असा करार झाला.

गोष्ट अशी होती: एक मोडकं यान, त्याची तरुण कप्तान, तिची सहा माणसं, आणि घरापासून फार फार लांब. घरी नेणारा रस्ता एका महाकाय दारातून जाणार, आणि ते दार एकदाच उघडणार. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी कप्तान काय बोलते यावर पुढचं सगळं अवलंबून. पडद्यावर दोन-तीन ओळी यायच्या, त्यातली एक निवडायची, तीही दहा सेकंदांत. ओळी इंग्रजीत. पण बाईंना दोन्ही भाषांत पुकारायची सवय, त्यामुळे त्या वाचून मराठीत सांगायच्या आणि मास्तर अंगठा चालवायचे. चारच दिवसांत सगळ्यांची नाती ठरली. कुरकुरा मेकॅनिक झाला जावईबापू. डॉक्टरीणबाई झाल्या धाकट्या जाऊबाई. आणि यानाचा कॉम्प्युटर, जो गोड आवाजात प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा, त्याचं नाव पडलं वन्सं.

"माझ्या बहिणीला कशाला मधे ओढतेस?" मास्तर म्हणाले.

"मी कुठे ओढतेय? ऐका ना." आणि बाईंनी हुबेहूब आवाज काढला, "इंधन संपत आलंय, पण मी कोण सांगणारी. तुम्हाला सुचेल तेव्हा बघा." मास्तरांना हसू आवरेना. बहीणच होती.

वन्संशी बाईंचं रोज वाजायचं. उत्तरांत एक खोचक ओळ असायचीच. बाई डोळे मिटून तीच घ्यायला लावायच्या. पण एक दिवस वन्सं गप्प होत्या, एक बारीकसा बिघाड झाला होता, तर बाईंनी तीन वेळा मास्तरांना विचारलं की अहो, त्या बोलत का नाहीत.

शेवटाजवळ आल्यावर मात्र खेळ खेळ राहिला नाही. बुधवारी जावईबापू दाराच्या अलीकडे अडकले आणि यानातून सुटकेसाठी ठेवलेली छोटी बोट त्यांच्याशिवाय सुटली. बाईंनी समोरचं ताट बाजूला सारलं. फलाटावर माणूस उभा आहे आणि गाडी सुटली, असं आपल्या पाळीत एकदाही झालेलं नाही, हे त्यांनी मास्तरांना बजावलं, आणि सहा तास मागचं सेव्ह, म्हणजे खेळाची जपून ठेवलेली जागा, उघडायला लावलं. सगळे घरी पोचलेच पाहिजेत. मास्तरांनी दोन ब्लाउज आणि एक शेरवानी पुढे ढकलली.

आणि वेळ तर हातातून निसटत चाललेली. रविवारी लेक मशीन न्यायला येणार होती.

शनिवारी दुपारी, दुकान बंद ठेवून, दोघं पुन्हा त्या दारापाशी पोचली. यान फुटायला आलेलं. जावईबापू या खेपेला वेळेत बोटीत बसले, जाऊबाई बसल्या, सहाच्या सहा आत. बाईंनी बोटावर मोजले, पुन्हा मोजले. कप्तान बोटीच्या पायरीवर. तेवढ्यात वन्सं बोलल्या. दार उघडं धरायला कुणीतरी यानात थांबायला हवं, म्हणाल्या. मी थांबते, तुम्ही निघा. आवाजात टोमणा नव्हता. चाळीस तासांत पहिल्यांदाच नव्हता.

आपल्या मोजणीत वन्सं धरल्याच नव्हत्या, हे बाईंना आत्ता कळलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, आकडे उलटे पळू लागले. बाईंना अक्षरं धूसर दिसत होती. निरोप तरी नीट घ्यावा म्हणून त्या कशाबशा म्हणाल्या, "अहो, येते म्हणा त्यांना."

मास्तरांनी स्वतःच ओळी वाचल्या, तेवढं इंग्रजी त्यांनाही यायचं. वरची होती, मी येतेय. खालची होती, अच्छा, निरोप. त्यांनी मान डोलावली आणि वरची दाबली.

कप्तान गर्रकन वळली आणि पायरीवरून उडी मारून पेटत्या यानात परत धावली. तिच्यामागे बोटीचं दार धाडकन बंद झालं.

"हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस येते म्हणा."

"अहो, घरातून निघताना काय म्हणतात? जाते म्हणतात का कुणी?"

मास्तरांना ते पटलं, पण पटून उपयोग नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात सेव्ह झाल्याची खूण फिरून गेली, म्हणजे आता लगेच मागे फिरता येणार नव्हतं. बाईंची पाचावर धारण बसली. एकीला वाचवायचं राहिलं होतं, आता दोघी गेल्या.

यानात लाल दिवे, धूर. मग वन्संचा आवाज आला, "परत का आलीस?" आणि जरा थांबून, "आता आलीच आहेस तर डावीकडचं कपाट उघड."

कपाटात निळी, धुगधुगणारी एक पेटी होती. डब्याएवढी. वन्सं त्या एवढ्याशाच होत्या. ती उपसून काढायची, मग ते महाकाय दार मिटायला तीस सेकंद. बटण भराभर दाबा, असं पडद्यावर आलं, आणि मास्तरांचा अंगठा शिलाई मशीनच्या सुईसारखा चालू लागला. पेटी हलेना. बाई प्लास्टरचा हात हवेत हलवून ओरडत होत्या. पेटी निघाली. कप्तान धावली. उरले बारा, अकरा, दहा. महाकाय दाराची फट जेमतेम बोटीएवढी. आणि बोट तिथेच होती. जावईबापूंनी कुरकुरत, सगळ्यांना शिव्या देत ती रोखून धरली होती. कप्तानने उडी घेतली.

पलीकडे तारे वेगळे होते. खाली निळा गोळा, घर. आणि पेटीतून आवाज, "आता मला ठेवणार कुठे, ते तरी ठरवलंय का?"

बाई सोफ्यावर उभ्या राहिल्या. मास्तर, ज्यांनी स्वतःच्या लग्नातही हात वर केले नव्हते, दोन्ही हात वर करून नाचले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छताला ठोकलं, तर बाईंनी त्यांना खिडकीतून ओरडून सांगितलं की सगळे पोचले, आठही जण. आजोबांनी विचारलं, कुठले? पण उत्तर द्यायला कोण थांबणार.

लेकीला स्पीकरवर फोन लावला. ती आधी हसली. तिने हा खेळ तीनदा संपवला होता आणि तिन्ही वेळा कॉम्प्युटर मागे सोडून दिला होता. त्याला वाचवता येतं हे तिला माहीतच नव्हतं. निरोपच घ्यायचा असतो ना तिथे, ती म्हणाली. उद्या आले की ते शेवटचं दार परत उघडून दाखव, मला बघायचंय.

मास्तर रिमोट उचलू लागले. बाईंनी डाव्या हाताने तो काढून घेतला.

"नाही गं," त्या लेकीला म्हणाल्या. "परत उघडायचं म्हणजे त्यांना पुन्हा तिथे नेऊन बसवायचं. आत्ता कुठे घरी आल्यात. तू ये, मी तोंडाने सगळं सांगते."

आणि लेक उद्या यायची वाटही न बघता त्यांनी फोनवरच सुरुवात केली, मोडक्या यानापासून, वन्संच्या आवाजासकट. मास्तर मधे मधे चुका काढत होते.