भावोजींचं पाणबुड्याचं घड्याळ

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सार्वजनिक तरण तलावाच्या पंपघरात कामाला आहेत. पाणी गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचं, पंप कुरकुरायला लागला की त्याची समजूत काढायची. अर्धं आयुष्य त्या काठावर गेलं, पण या गृहस्थांनी पाण्यात कधी पाऊल घातलं नाही. पोहता येत नाही, आणि घोट्याच्या वर पाणी आलं की चेहरा पांढराफटक पडतो. अशा माणसाच्या मनगटावर घड्याळ कसलं, तर पाणबुड्याचं!

जुन्या काळी आरमारातल्या पाणबुड्यांना जी घड्याळं मिळायची, हुबेहूब त्या धाटणीचं. काळी तबकडी, अंधारात हिरवे चमकणारे जाडजूड काटे आणि काचेभोवती फिरणारी कडी. कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवली की पाण्यात शिरून किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं. अस्सल घड्याळं आता संग्रहालयात नाहीतर श्रीमंतांच्या तिजोरीत. भावोजींचं कुठल्याशा छोट्या कारखान्यात नव्याने घडवलेलं.

"म्हणजे नकलीच की," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. मेहुणीला एवढा हक्क असतोच.

भावोजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नकली कसं? आरमारवाल्या कंपनीचं नाव दिसतंय का कुठे? बनवणाऱ्याने स्वतःचं नाव घातलंय. रूप जुन्यासारखं, कारण ते त्याला आवडलं. आणि तसं तो उघड सांगतो."

"बरं बाई. पण दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं ना? मग हात धुताना काढून का ठेवता?"

त्यावर ते उठून पंपघरात निघून गेले. पुढे ताईने सांगितलं, की शाळेत असताना त्यांनी एका मासिकात फोटो पाहिला होता. एक पाणबुड्या समुद्रातून डोकं वर काढून निवांत घड्याळ बघतोय. पाण्याला न घाबरणारा माणूस त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हे ऐकून मला थोडं वाईट वाटलं, पण चिडवणं काही मी सोडलं नाही. पावसाचे चार थेंब पडले की घड्याळ खिशात घालणाऱ्याला चिडवायचं नाही तर कोणाला?

मग ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, पण ताईने धास्ती घेतली ती घेतलीच. काठी, भिंत, टेबल, माझा खांदा, काहीतरी धरल्याशिवाय पाऊल म्हणून टाकेना. डॉक्टरांनी बजावलं, छातीभर पाण्यात रोज पाव तास चाला, नाहीतर गुडघा आखडेल आणि काठी जन्माची गळ्यात पडेल. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. "हे उतरले तर मी उतरेन." तिला वाटलं, आपण सुटलो.

भावोजींनी दोन दिवस पंपघरातच काढले. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "उद्या दुपारी जाऊ. तेव्हा गर्दी नसते."

टॉवेल आणि काठी घेऊन मी काठावर उभी. भावोजी ढगळ चड्डीत, पायऱ्यांचा दांडा घट्ट धरून. सवयीने घड्याळ काढून माझ्याकडे द्यायला लागले.

"ते राहू द्या," ताई म्हणाली. "वेळ कोण बघणार? पाव तासाच्या वर एक क्षण मी आत थांबणार नाही."

आता आली का पंचाईत! त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा ताईच्या गुडघ्याकडे. मग कडी फिरवून खूण लावली, आणि ताईचा हात धरून एकेक पायरी उतरले. पाणी छातीशी आलं. दोघांनी हात असे आवळले होते, की कोण कोणाला सांभाळतंय ते कळेना. खरं सांगते, मला चिडवायचं सुचलंच नाही.

चार पावलं चालून भावोजींनी मनगट पाण्याबाहेर काढलं. काचेच्या आत वाफ धरली का? पुन्हा बुडवलं, पुन्हा काढलं. कानाशी नेलं. उन्हात तिरपं धरून पाहिलं. घड्याळाच्या काळजीत ते पाण्याला विसरलेच. माझेही डोळे त्या काचेवर खिळलेले. शेवटी मला राग आला. बायकोकडे बघा, म्हणून ओरडणार, तर बायको जागेवर होती कुठे? हात कधी सोडवून घेतला कोण जाणे, ताई पलीकडच्या भिंतीपाशी पोचली होती.

"आत थेंबसुद्धा नाही गं!" भावोजींनी हसत मान वर केली. मग कळलं, की हातात कोणाचा हात नाही, जवळ भिंत नाही, दांडाही मागे राहिला. "अगं, अशी सोडून काय गेलीस?"

"या की इकडे. मी नाही का आले?"

"पाय उचलत नाहीत माझे. तूच ये."

ताई हसायला लागली. इतके महिने आम्ही तिला खाटेवरून, दारातून, गाडीतून हाताला धरून आणत होतो. तिने भिंत सोडली, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून नवऱ्याला आणायला निघाली.